सुगरणीच्या खोप्यापाशी बसलेला माणूस

मैत्रिणींनो, खापरावरचा मांडा न फाटता उतरला, की घरातलं कुणीतरी कौतुकानं आपल्याला सुगरण म्हणतं. तेवढ्या एका शब्दासाठी आपण चुलीपुढे किती घाम गाळतो, ते आपलं आपल्यालाच ठाऊक! हाच शब्द आपण एका इवल्याशा पाखरालाही दिलाय. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, बांधावरच्या शिंदीला त्याचे खोपे लोंबताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनी त्या खोप्यावर कविता केली आणि ती साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. त्या कवितेतली सुगरण म्हणजे पिलांसाठी राबणारी आईच.

गंमत अशी, की तो खोपा विणतो नर! बाहेरचं सगळं विणकाम त्याचं. मादी आत थोडं मऊ अंथरूण घालते, तेवढंच. नर विणतो हे शेतात वावरणाऱ्यांना आधीही दिसत होतं. पण एकाच झाडावर इतके अर्धवट सोडलेले खोपे का असतात? मादीचं त्यात काम काय? एका नराचा संसार एकीशीच असतो की अनेकींशी? याची नीट उत्तरं कुणाकडे नव्हती. ती मिळाली १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावात.

ती शोधणारा माणूस त्या वेळी चक्क बेकार होता बरं का! वय तेहेतीस, लग्नाला अकरा वर्षं झालेली, विद्यापीठाची पदवी नाही आणि हातातली नोकरी नुकतीच गेलेली. त्याचं नाव सलीम अली.

मी शहाद्याची. आपल्याकडे ना समुद्र, ना खाडी. तरी आज सलीम अलींविषयी लिहायला बसले, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, पक्षितज्ज्ञ म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांच्या आयुष्यात ज्या बायका होत्या, त्यांच्याविषयी आपण फारसं बोलत नाही. दुसरं कारण आपल्याच शहाद्याच्या रानात दडलंय. ते पुढे सांगते.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडिलांचं हे दहावं अपत्य. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. दहा भावंडं उघडी पडली असती. पण खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना पंखाखाली घेतलं. एवढी पोरकी मुलं वाढवायची म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको. रोजचा स्वयंपाक, आजारपणं, शाळा, रुसवेफुगवे... हमीदा बेगमनी ते निभावलं. सलीम यांची पहिली शाळाही गंमतीची. बहिणींबरोबर त्यांना गिरगावातल्या मुलींच्या मिशन शाळेतच घातलं होतं!

पुढे हातात छऱ्यांची बंदूक आली. त्या काळी शिकार हा मोठ्या घरच्या मुलांचा खेळ होता. एकदा या पोरानं एक चिमणी पाडली. बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. रोजची चिमणी अशी नसते. मग ही कोण? मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही निसर्ग अभ्यासाची संस्था. मामांनी मुलाला उडवून न लावता तिथल्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखून दिला आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलाचे डोळे विस्फारले. पुढे १९८५ मध्ये त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे.

मला या प्रसंगात मामा फार आवडतात. आपलं मूल मेलेलं पाखरू, विचित्र किडा, नाहीतर रानातली बी घेऊन येतं, तेव्हा हात धुवायला पिटाळणं सोपं असतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणाला ठाऊक असेल, एवढं शोधून देणं हे मोठ्यांचं खरं काम.

एवढं होऊनही सलीम अलींचं आयुष्य काही सरळ रेषेत गेलं नाही. १९१३ मध्ये मॅट्रिक झाले, कॉलेजात मन रमेना, मग थेट ब्रह्मदेशात भावाच्या मदतीला गेले. तिथं कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. हिशेबापेक्षा लक्ष झाडावरच्या पाखरांकडे! १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर व्यापाराचं शिक्षण घेतलं आणि सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहानं प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातल्याच तेहमिना बेगमशी लग्न झालं.

तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. अशी मुलगी लग्नानंतर ब्रह्मदेशच्या जंगलात नवऱ्याबरोबर राहिली. धंदा बुडाला, दोघं मुंबईला आली. सलीम अलींना पक्ष्यांचंच काम हवं होतं, पण सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा हुकली, कारण पदवी नव्हती. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगणाऱ्या गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत त्याचाही कंटाळा आला. रजा घेऊन ते जर्मनीला, बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान या नावाजलेल्या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. तिथं खऱ्या अर्थानं दृष्टी मिळाली. पण १९३० मध्ये परत येऊन बघतात तर काय, पैसे नाहीत म्हणून म्युझियमनं ती जागाच बंद केलेली!

आज आपल्या गावागावांत हे दृश्य आहे. मुलगा शिकून येतो आणि नोकरी नसते. सासरचे विचारतात, माहेरचे विचारतात, शेजारीपाजारी तर विचारतातच. त्यात नवरा पाखरं बघत बसणारा असेल तर बायकोनं काय करावं? तेहमिनांनी त्याच्याबरोबर किहीमला बिऱ्हाड हलवलं.

किहीम म्हणजे माडांची रांग, वाळूचा किनारा आणि मागे भातशेती. पावसाला सुरुवात झाली तशी जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. एरवी हा पक्षी चिमणीसारखा भुरा. विणीच्या दिवसांत नराचा माथा आणि छाती हळदीनं माखल्यासारखी पिवळी होते. सलीम अली आडोसा करून तासन् तास खोप्यांपुढे बसत. कोणता खोपा कुणाचा, कधी सुरू झाला, मादी कधी आली, आत किती वेळ थांबली, पुन्हा आली का, हे सगळं वहीत टिपत. आज बघितलं आणि झालं, असं नाही. रोज, त्याच झाडाखाली, पावसात.

त्यातून जे समजलं ते मोठं मजेदार होतं. नर भाताच्या नाहीतर शिंदीच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या काढून विणायला लागतो. खोपा अर्धा झाला, उलट्या घंटेसारखा दिसू लागला, की थांबतो. आता माद्यांची टोळी येते. एकेक मादी आत शिरून तपासणी करते, ओढून बघते, फांदी पारखते. नर पंख फडफडवून मनधरणी करतो. पसंत पडलं तर ती तिथं राहते. मगच नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी विणून घर पुरं करतो. पसंत पडलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात! झाडावर लटकणारे ते अर्धवट खोपे म्हणजे मादीनं नाकारलेली घरं. नर ती स्वतःच्या झोपण्यासाठी बांधतो, असा आधी समज होता. तो गैरसमज निघाला.

आणि पुढे? एकीचं घर मार्गी लागलं, की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा घालायला घेतो, दुसरीची वाट बघतो. जमलं तर तिसरा. अंडी उबवणं मात्र पहिलीचं तिनं, दुसरीचं दुसरीनं. पिलांना भरवण्याचा मुख्य भारही तिच्यावरच. म्हणजे घर निवडायचा अधिकार तिचा आणि बाळंतपणही तिचंच! हे वाचून तुमच्यातल्या काहीजणी हसतील, काहीजणी सुस्कारा टाकतील. पाखरांच्या रीतीवरून आपण धडे घेऊ नयेत हे खरं. पण ज्याला आपण सुगरण म्हणतो त्याच्या घरात निर्णय कुणाचा चालतो, हे कळल्यावर मला मनातून बरं वाटलं, हे कशाला लपवू?

खोप्याच्या आत ओल्या मातीचे गोळे असतात. त्यात सुगरण काजवे खोचून दिवा लावते, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. माती असते हे खरं, दिव्याची गोष्ट मात्र आपल्या पूर्वजांची कल्पना. सलीम अलींचा सुगरणीवरचा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. नोकरी गेली नसती, तर कदाचित तो लिहिलाच गेला नसता.

समुद्रकाठी पाखरं बघायची तर बारा महिने बघावी लागतात, कारण प्रत्येक ऋतूत पाहुणे बदलतात. पावसाळा घरच्या पाखरांचा, विणीचा. तो सरता सरता उत्तरेकडून चिखलात चरणारे पक्षी येऊ लागतात. हिवाळ्यात खाडीवर त्यांचे थवेच्या थवे असतात. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, की यांची पंगत बसते. तुतारी, टिवळा, कोरल अशा पाखरांच्या चोचींची लांबी वेगवेगळी. कुणी वरवरचे किडे टिपतो, कुणी चिखलात खोल चोच खुपसून गांडुळासारखे जीव ओढून काढतो. एकाच ताटात जेवतात, पण भांडण कमी! भरती आली की सगळे काठावर एका पायावर उभे राहून वाट बघतात. उन्हाळा लागला की अंगावर चरबी साठवून परत हजारो मैलांच्या प्रवासाला निघतात. अशा जागेला आपण दलदल म्हणतो आणि भराव टाकायला निघतो. ती या पाखरांची खानावळ असते, हे या देशाला पटवून देण्यात सलीम अलींचा वाटा फार मोठा.

किहीमनंतर त्यांनी एक धाडसी मार्ग काढला. संस्थानांमध्ये कोणते पक्षी आहेत, याची पाहणी झालेलीच नव्हती. त्यांनी सांगितलं, की मला पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा त्यातच होता. मग कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ... बैलगाड्या, तंबू, मच्छरदाण्या, नमुन्यांच्या पेट्या. या बहुतेक मुक्कामांत तेहमिना बरोबर होत्या. रानात तळ पडला की तिथलं घर त्यांनी सांभाळायचं. नवऱ्याचं इंग्रजी लिखाण सुबक व्हावं यातही त्यांचा हात होता. उत्तम भाषा त्यांच्या कानात होती आणि ते ऋण सलीम अलींनी मोकळेपणानं मान्य केलंय. त्यांची पुस्तकं कोरड्या शास्त्रासारखी लागत नाहीत, यामागे या बाई आहेत.

आणि मग १९३९. एक किरकोळ म्हणावी अशी शस्त्रक्रिया, तिच्यानंतर प्रकृती बिघडली आणि तेहमिना गेल्या. वीस वर्षांचा संसार. मूलबाळ नव्हतं. ज्या बाईनं पगार नसलेल्या माणसाला कधी एकटं पडू दिलं नाही, ती नवऱ्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक बघायला राहिली नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं चित्रांचं पुस्तक निघालं आणि घराघरांत पोचलं. पंडित नेहरूंनी ते आपल्या लेकीला, इंदिरेला दिलं आणि तिलाही पाखरांची गोडी लागली. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना वांद्र्याच्या आपल्या घरी नेलं आणि आयुष्यभराचं घर दिलं. लहानपणी मामी, तरुणपणी बायको, नंतर बहीण. हा माणूस रानात निर्धास्त फिरू शकला, कारण मागे कुणीतरी दिवा लावून ठेवला होता. काजव्यांचा नव्हे, खराखुरा.

दुःखातून ते कामात बुडाले. कच्छच्या रणात, मिठाच्या दलदलीत, रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्षी चिखलाचे छोटे बुरूज रचून त्यावर अंडी घालतात. १९४५ मध्ये उंटावरून तिथवर जाऊन त्यांनी ती वसाहत पाहिली, कच्छच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोडियाकरई नावाची जागा आहे, इंग्रजीत पॉइंट कॅलिमेर. खाऱ्या पाण्याची तळी, मिठागरं आणि हिवाळ्यात रोहितांसह असंख्य पाहुणे पक्षी. त्यांच्या आग्रहामुळे १९६७ मध्ये तिथं अभयारण्य झालं. २००२ मध्ये या पाणथळीला रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला.

तिथं आणि देशात इतरत्र सोसायटीच्या लोकांनी पक्षी जाळ्यात अलगद धरून, पायात हलकं कडं घालून पुन्हा सोडले. कड्यावर नंबर आणि सोसायटीला कळवा असा निरोप. मग दूर सोव्हिएत देशात कुणाला ते पाखरू सापडलं, की पत्र यायचं. आपण लेकीच्या दंडावर ताईत बांधतो, तसं ते कडं! हिवाळ्यात आपल्याकडे येणारी पाखरं माहेरी कुठं जातात, हे असं हळूहळू कळत गेलं.

१९६८ ते १९७४ या काळात अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांचा भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ निघाला. शेवटचा खंड आला तेव्हा वय सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर! १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. ज्याला पदवी नाही म्हणून जागा मिळाली नाही, त्याला विद्यापीठांनी बोलावून मानद डॉक्टरेट दिल्या. १९७६ मध्येच गेटी पुरस्काराचे पैसे मिळाले, ते त्यांनी पक्ष्यांच्या कामासाठी सोसायटीकडे दिले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

मोठ्या माणसाविषयी लिहिताना फक्त गोडच लिहायचं, हे मला पटत नाही. त्यांनी अभ्यासासाठी हजारो पक्षी बंदुकीनं टिपले आणि शास्त्रासाठी ते लागतं, असंच ते म्हणत राहिले. भरतपूरची गोष्ट तर जास्तच विचार करायला लावणारी. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ आटवून शेती करायची मागणी झाली, तेव्हा नेहरूंपर्यंत बाजू नेऊन ती वाचवण्यात सलीम अली पुढे होते. पण पुढे तिथं म्हशी चरायला बंदी करावी, असंही त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये ती बंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, काही माणसं जिवाला मुकली. नंतर सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसलं, की म्हशी नसल्यानं गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि पाखरांचंच नुकसान झालं. रोज म्हशी घेऊन तिथं जाणाऱ्यांना जे ठाऊक होतं, ते त्यांना आधी विचारायला हवं होतं. जंगल, पाणी आणि माणसं यांचा संबंध आपल्या सातपुड्यातल्या बायकांनाही चांगला ठाऊक आहे. त्यांनाही कोण विचारतं?

आता आपल्या शहाद्याचं कारण. पिंगळा आपल्याला माहीत आहे. त्याचाच एक रानातला भाऊ म्हणजे रानपिंगळा, दिवसाही फिरणारं छोटं घुबड. १८८० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याच शहादा-तळोद्याच्या रानातून त्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर तो पक्षी कुणाला दिसलाच नाही. रिप्ले आणि सलीम अली यांनीही शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. मध्ये एकच नोंद होती, १९१४ ची, आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला गुजरातेतल्या मांडवीची. ती होती मायनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची. सलीम अली १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहायला गेले होते.

ती नोंद खोटी निघाली! त्यानं म्युझियममधला डेव्हिडसनचा नमुना लांबवून, नव्यानं पेंढा भरून, आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती. ही चोरी उघड केली पॅमेला रासमुसेन या बाईंनी. त्या रिप्ले यांच्या हाताखाली काम केलेल्या. त्यांनी खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा सापडला. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघं होते. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हासुद्धा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ चा! त्यानंतर फराह इश्तियाक या तरुण अभ्यासक बाईंनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट असं हिंडून हा पक्षी कुठं आहे, कसा जगतो, याचा अभ्यास केला. सलीम अली हे बघायला नव्हते. त्यांना हुलकावणी देणारं पाखरू बायकांच्या चिकाटीला सापडलं, हे वाचून त्यांना आनंदच झाला असता, असं मला वाटतं. रानपिंगळा आजही जगातल्या धोक्यात असलेल्या पक्ष्यांत आहे आणि आपलं सागवानी रान हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक.

म्हणून मैत्रिणींनो, समुद्र नाही म्हणून हळहळू नका. आपली तापी समुद्रालाच जाते आणि वाटेत प्रकाशा, सारंगखेड्याच्या बॅरेजमागे पाणी साठवून ठेवते. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते, सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, त्या दिवसांत तापीकाठी उभं राहून बघा. शेपटी वरखाली करणारा धोबी दिसेल, दूर पाण्यावर बदकं दिसतील, ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतील. होळीच्या सुमारास पळस फुलला की त्यावर कोण कोण रस प्यायला येतं, ते मोजा. मृगाआधी पावशा ओरडायला लागतो, तेव्हा कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. दूधवाल्याचा हिशेब आपण त्याच कॅलेंडरवर लिहितोच की! दोन-चार वर्षांच्या तारखा जमल्या, की तुमच्याकडे अशी माहिती असेल जी कुठल्याही पुस्तकात नाही. मोबाईलवर आता आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप्स आहेत. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश आहे. महागडी दुर्बीण नसली तरी अडत नाही.

पाऊस पडला की लेकीला घेऊन विहिरीवरच्या बाभळीखाली जा. किती खोपे पुरे झाले, किती अर्धवट राहिले, ते तिला मोजायला सांगा. अर्धवट खोपे का राहिले ते लगेच सांगू नका. आठवडाभर रोज बघू द्या. तिचं ती सांगेल.